आर्गनच्या केबलमध्ये करंट आणि गॅस एकाच नळीतून? आणि ही दोन पिनांची वायर लावायची कुठे?

ग्रिलवाला_गुहागर

मंडळी नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट येईल म्हणून सगळं लिहितो.

माझं गेट-ग्रिलचं वर्कशॉप आहे. २३ वर्षं रॉड वेल्डिंग केलं, ते झोपेतही जमेल. पण आमच्याकडे खारं वारं. लोखंडी रेलिंगला दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात, आणि आता प्रत्येक पार्टी स्टीलचंच मागते. आजवर एसएसची कामं चिपळूणला एकाकडून करून घेत होतो. या वर्षी ठरवलं, आर्गन स्वतः शिकायचं.

२०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं. पुढच्या पाटीवर 'आर्क / टिग' असा खटका आहे, आर्क म्हणजे रॉड आणि टिग म्हणजे आर्गन. दुकानदाराने त्यासोबत टॉर्च दिला, त्यावर डब्ल्यूपी-२६ लिहिलंय, केबल ४ मीटर. हँडलवर काळं बटण आहे. त्या बटणाची बारीक वायर केबलच्या बाजूने येते आणि टोकाला दोन पिनांचा प्लग. आता गंमत बघा, मशीनला हा प्लग बसेल असं भोकच नाही! प्लस, मायनस, अँपिअरचं बटण, खटका, संपलं. गॅसची नळी लावायलाही मशीनला जागा नाही.

टॉर्चची मुख्य केबल म्हणजे जाड रबरी नळी. तिच्या टोकाला पितळी तुकडा आहे, तो मशीनमध्ये पिळून बसतो, आणि त्याच तुकड्याला बाजूने एक चिमुकली नळी निघते. दुकानदार म्हणाला ती रेग्युलेटरला जोडा. जोडली. म्हणजे ज्या नळीतून करंट जातो तिच्यातूनच गॅस? मला ते बघूनच धडकी भरली.

तरी हिंमत करून सुरू केलं. होल्डर नेहमी प्लसला लावतो तसा टॉर्च प्लसला लावला. सिलिंडर उघडला, पाइपावर टंगस्टन (टॉर्चच्या तोंडातली टोकदार काडी) घासला. ठिणगी पडली, आणि दोन सेकंदांत टंगस्टनच्या टोकाला गोळा झाला तो टपकन पाइपात पडला. पुन्हा घासून टोक काढलं, पुन्हा तेच. चार वेळा. टाका पडला तोही काळाकुट्ट, कोळशासारखा. शिवाय पहिल्याच दिवशी केबल नुकत्याच कापलेल्या गरम पाइपावर पडली आणि रबर एका जागी वितळलं. तिथे काळी टेप गुंडाळली आहे.

विचारायचं ते हे. ९, १७, १८, २०, २६ हे आकडे काय आहेत? गॅस आणि करंट एकत्र असणं बरोबर आहे का? लोंबकळणाऱ्या प्लगचं काय करू? आणि जिन्याच्या कामाला ४ मीटर पुरत नाही, ८ मीटरची केबल चालेल का? काम सगळं दीड मिलिमीटर जाडीच्या ३०४ ग्रेडच्या स्टील पाइपाचं. बाहेरचं काम ३१६ ग्रेडमध्ये करायचा विचार आहे.

---

भोसरी_दुसरीपाळी

दादा, साधा सल्ला देतो. हे एअर कूल्ड खेळणं परत करा आणि सरळ डब्ल्यूपी-१८ वॉटर कूल्ड घ्या. ३५० अँपिअर झेलतो. आमच्या कंपनीत सगळीकडे तोच आहे, हँडल दिवसभर गार राहतं. एकदाच काय तो खर्च. आणि काळा टाका म्हणजे गॅस भेसळीचा, सिलिंडर बदलून घ्या.

---

टॉर्चदुरुस्ती_उद्यमनगर

दादा, थांबा. काही परत करू नका, काही विकत घेऊ नका, आणि सिलिंडरवाल्याशी भांडायला तर मुळीच जाऊ नका.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात टॉर्च आणि केबल दुरुस्त करते. माझ्या टेबलावर आठवड्याला तुमच्यासारखे दोन-तीन टॉर्च येतात, आणि त्यातल्या निम्म्यांत टॉर्च बिघडलेला नसतोच. तो चुकीच्या मशीनला जोडलेला असतो. बाई बसलेली बघून काही लोक आधी "मालक कुठायत" विचारतात, मग केबल फाडून दाखवली की गप्प बसतात. तुम्हालाही आज लिहूनच केबल फाडून दाखवते.

टॉर्च म्हणजे काही गूढ नव्हे. त्याच्या डोक्याशी तीन गोष्टी पोचाव्या लागतात: करंट, गॅस आणि 'आता सुरू कर' हा निरोप. पाण्याचा टॉर्च असेल तर चौथं पाणी. नवीन टॉर्च हातात आला की मी प्रत्येकाची वाट बोटाने धरून टोकापर्यंत जाते. कुठून निघाली, कुठून गेली, कुठे पोचली. वाट तुटली तिथे बिघाड. तुमच्या टॉर्चला तिसरी वाट आहे, पण मशीनला तो निरोप ऐकायला कान नाही. दुसरी वाट आहे, पण तिच्यावर दार नाही. आणि पहिली वाट उलटी जोडलेली आहे.

उलट्या वाटेपासून सुरू करू, कारण तुमचे टंगस्टन त्यात गेले. टिगमध्ये स्टीलवर टॉर्च मायनसला आणि अर्थिंगचा चिमटा प्लसला. रॉडची सवय इथे सोडायची. टॉर्च मायनसला असला की साधारण ७० टक्के उष्णता पाइपात जाते आणि टंगस्टन त्या मानाने थंड राहतो. तुम्ही तो प्लसला लावलात, म्हणजे सगळा वणवा टंगस्टनवर. मग तो वितळून टपकणारच, दुसरं काय करेल? अॅल्युमिनियमला एसी लागतो, ते तुमच्या मशीनमध्ये नाही, सध्या त्याचं नाव काढू नका.

आता ज्याची तुम्हाला धडकी भरली ती केबल. त्या जाड रबरी नळीच्या आत तांब्याच्या बारीक तारांचा उघडा पीळ असतो. उघडा म्हणजे खरंच उघडा, त्यावर वेगळं आवरण नाही. पीळ नळीपेक्षा बारीक, म्हणून त्याच्या भोवती पोकळी राहते, आणि त्या पोकळीतून आर्गन वाहतो. आर्गन पेटत नाही, पेटवत नाही, कशाशी संयोग पावत नाही. म्हणून तर तो वेल्डिंगला वापरतात. तर आग लागायचा प्रश्न नाही. उलट जाता जाता तो तांब्याला थोडं गार करतो, त्यामुळे केबल बारीक आणि हलकी ठेवता येते. याला एकपदरी केबल म्हणू. दुसरा प्रकार दोनपदरी: करंटची केबल वेगळी, गॅसची नळी वेगळी, दोन्ही एका कापडी किंवा चामडी खोळीत. एकपदरी हाताला मऊ आणि लवचिक, पण एक ठिकाण गेलं तर करंट आणि गॅस दोन्हींची वाट लागते. दोनपदरीत नळी फाटली तर फक्त नळी बदलायची. मला पोटापाण्याच्या दृष्टीने एकपदरी बरी, तुम्हाला कुठली बरी ते तुम्ही ठरवा.

आणि म्हणूनच ती वितळलेली जागा. दादा, टेप करंट थोपवेल, गॅस थोपवणार नाही. तिथून आर्गन बाहेर निघतो आणि कपापाशी, म्हणजे टंगस्टनभोवतीच्या सिरॅमिकच्या तोंडाशी, कमी पोचतो, वर हवा मिसळते. तुमचा कोळसा तिथला असायची दाट शंका आहे. खात्री करून घ्या. रेग्युलेटरला काचेच्या नळीतला गोळा आहे ना? सिलिंडर उघडा, गोळा मिनिटाला ८ लिटरच्या खुणेवर आणा, मशीन बंद ठेवा, आणि टॉर्चचा कप अंगठ्याने घट्ट दाबून धरा. नळ्या भरल्या की गोळा खाली येऊन शून्यावर बसला पाहिजे. अंगठा दाबूनही गोळा तरंगतच राहिला, तर गॅस दुसरीकडून पळतोय. मग साबणाचं पाणी घेऊन बसा: रेग्युलेटरचा नट, ती चिमुकली नळी, पितळी तुकडा, तुमची टेप, आणि हँडलच्या मागे केबल शिरते ती जागा. ही शेवटची जागा सर्वांत आधी जाते, कारण दिवसभर तिथेच केबल मुरगळते. मागच्या टोपीखाली एक छोटी रबरी चकती असते, ती वाळून चिरलेली असेल तर तिथूनही हवा आत ओढली जाते. टोपी सैल असली तरी तेच. एवढीशी चकती, पण माणसं तिच्यापायी सिलिंडर बदलत बसतात.

तारा तुटल्याची खूण वेगळी. केबलवरून हात फिरवा, एकाच ठिकाणी चटका बसत असेल तर आत अर्ध्या तारा तुटल्यात आणि उरलेल्या अर्ध्यांतून सगळा करंट जातोय. मशीनवर ६० अँपिअर दिसतात, चाप (आर्क) मात्र लुकलुकतो. पितळी प्लगचंही तसंच. त्याचे दोन आकार येतात, पिन ९ मिलिमीटर आणि १३ मिलिमीटर. नऊची पिन तेराच्या भोकात कागद-पत्रा घालून बसवलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. ती जागा काळी पडून वितळली होती. प्लग आत घालून उजवीकडे करकचून पिळायचा.

आता आकडे. ते फक्त टॉर्चच्या घराण्यांची नावं आहेत, अँपिअर नव्हेत. ९ नंबर छोटा, सुमारे १२५ अँपिअरचा. १७ मधला, १५०. २६ मोठा, २००. हे तिन्ही हवेवर आणि गॅसवर गार होणारे. २० नंबर छोटा पण पाण्याचा, २५०. १८ मोठा, पाण्याचा, ३५०. या अँपिअरपुढे टक्के लिहिलेले असतात ते वाचा. हिशोब १० मिनिटांचा असतो: ६० टक्के म्हणजे ६ मिनिटं चालवा, ४ मिनिटं विश्रांती. स्वस्तातले टॉर्च तोच मोठा आकडा ३५ टक्क्यांवर लिहून मोकळे होतात.

तुमच्या कामाला खरं बाळबोध सत्य हे, की दीड मिलिमीटरच्या पाइपाला ४५ ते ६० अँपिअर पुरतात. १७ नंबर भरपूर झाला. २६ चालतो, वाईट नाही, पण तो जड आहे. दिवसभर डोक्याच्या वर जिन्याचे टाके मारलेत की मनगट सांगेल.

भोसरीच्या भाऊंना रागावू नका, पण ६० अँपिअरला पाण्याचा टॉर्च म्हणजे चहाच्या भांड्याला बंब. आणि त्यात गोम काय आहे ते सांगते. पाण्याच्या टॉर्चमध्ये गार पाणी एका नळीने डोक्यापर्यंत जातं आणि परत येताना करंटच्या तारेभोवतून येतं. पाणी आहे म्हणून तार मुद्दाम बारीक ठेवलेली असते. एका कारखान्यातून माझ्याकडे केबल आली, नळीत तांबं वितळून गाठी झालेल्या. पंप चालू करायला विसरले, एवढंच. शिवाय बोअरचं पाणी घालतात, क्षार साचून नळी चोंदते. जिन्यावर पंप, टाकी कुठे घेऊन फिरणार?

उरला तुमचा लोंबकळता प्लग. जेवायला हाक मारताहेत, तेवढं संध्याकाळी लिहिते. तोवर पोलॅरिटी (प्लस-मायनस) बदला आणि अंगठ्याची परीक्षा करा.

---

भोसरी_दुसरीपाळी

ताई, बंबाचं मान्य. आमच्याकडे जाड काम आणि अॅल्युमिनियम असतं म्हणून तोंडात १८ च येतो. केबल फाडून आत कधी बघितलं नव्हतं हे कबूल करतो. कंपनीत मेंटेनन्सवाला येतो, बदलतो, आपण चहा पितो.

---

खाडीपार_पाइपवेल्डर

मी मूळचा दापोली तालुक्यातला, १४ वर्षं आखातात रिफायनरीच्या पाइपलाइनवर काढली. त्या प्लगचं उत्तर मला माहीत आहे म्हणून मध्ये पडतो, ताईंनी चुकलं तर सांगावं.

दादा, टिग मशीन दोन जातींचं. एका जातीत मशीनच्या पोटात गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. बटण दाबलं की मशीन आधी गॅस सोडतं, मग हाय फ्रिक्वेन्सीचा झटका देऊन न टेकवता चाप पेटवतं, बटण सोडल्यावर करंट हळूहळू उतरवतं आणि वर काही सेकंद गॅस सोडत राहतं. बटणाचा टॉर्च त्या मशीनसाठी. तुमचं मशीन दुसऱ्या जातीचं. मूळ रॉडचं मशीन, त्यात टिगचा खटका जोडलेला. यात टंगस्टन टेकवून उचलला की चाप लागतो. त्याला बटण कळत नाही. दुकानदाराने तुम्हाला पहिल्या जातीचा टॉर्च दुसऱ्या जातीच्या मशीनबरोबर बांधून दिला. फसवलं असंही नाही म्हणणार, बहुधा त्यालाही माहीत नव्हतं.

तुम्हाला हवा तो व्हॉल्व्हचा टॉर्च. हँडलच्या पुढे डोक्यावरच एक छोटी चावी असते, बोटाने फिरवायची, गॅस चालू-बंद. नंबरपुढे 'व्ही' अक्षर बघा: १७व्ही. 'एफ' असेल तर मान वाकते. १७एफव्ही म्हणजे वाकणारी मान आणि चावी दोन्ही. बलस्टरच्या (रेलिंगच्या उभ्या दांड्याच्या) मागच्या बाजूला हात पोचत नाही तिथे ती मान उपयोगी. पण रोज वाकवून वाकवून तीही तुटते, उगाच खेळत बसू नका.

साइटवर आम्ही डिझेल इंजिनच्या मशीनवर असाच चावीचा टॉर्च लावायचो. बटण नाही, झटका नाही. रेडिओग्राफीला (एक्स-रे तपासणीला) जाणारे जोड त्याच्यावरच मारले. तर साध्या टॉर्चला कमी समजू नका. फक्त सवय लावून घ्या: चावी उघडा, दोन सेकंद थांबा, टेकवा, उचला, वेल्ड करा. संपवताना टॉर्च झटकन वर ओढलात तर शेवटी खड्डा आणि त्यात चीर. वेग वाढवत कडेला सरका, चाप तोडा, लगेच कप परत त्या लाल जागेवर आणून धरा आणि गॅस चालू ठेवा. किती वेळ? दर १० अँपिअरला १ सेकंद हा आमचा हिशोब. ६० अँपिअर असतील तर ६ सेकंद. टंगस्टनही त्यातच गार होतो. तो निळा-काळा निघाला तर समजा तुम्ही घाई केलीत.

टंगस्टनबद्दल कुणी बोललं नाही. लाल टोकाचा असेल तर त्यात थोरियम असतं, किंचित किरणोत्सारी. हातात धरायला काही नाही, पण घासताना उडणारी धूळ नाकात नको. सोनेरी, निळा किंवा करडा घ्या, तसाच चालतो. तुमच्या कामाला १.६ मिलिमीटर जाडीचा. घासताना उभा धरा, म्हणजे ओरखडे टोकाच्या दिशेने लांबीत गेले पाहिजेत, आडवे नाहीत. आडव्या ओरखड्यांवर चाप भटकतो. आणि टंगस्टनसाठी वेगळा दगड ठेवा. लोखंडाच्या दगडावर घासलेला टंगस्टन सगळी घाण जोडात सोडतो.

---

टॉर्चदुरुस्ती_उद्यमनगर

जेवण झालं, भांडी झाली. पाइपवाल्या भाऊंनी माझं काम अर्धं केलं, एकही अक्षर चुकलं नाही.

थोडी भर. टंगस्टन आवळून धरणारा कोलेट आणि तो ज्यात बसतो ती कोलेट बॉडी या दोन वेगळ्या गोष्टी, आणि दोन्ही टंगस्टनच्या मापाच्या हव्यात. १.६ च्या टंगस्टनला २.४ ची बॉडी लावली तर तो डुगडुगतो आणि करंट नीट पोचत नाही. दुकानात जाल तेव्हा '१७-१८-२६ चं सामान' असं मागा. या तिन्हींचे कोलेट, बॉडी, कप, मागची टोपी एकच. ९ आणि २० चं सामान आपसांत सारखं, पण या तिघांपेक्षा लहान. १.६ चा कोलेट १०एन२३ आणि बॉडी १०एन३१, हे नंबर मोबाइलमध्ये लिहून ठेवा, काउंटरवरचा पोरगा नंबर ऐकला की चुकत नाही. सिरॅमिकच्या कपावर ५, ६, ८ असतं, तो इंचाचा सोळावा हिस्सा. ६ नंबर म्हणजे सहा सोळांश, साडेनऊ मिलिमीटर तोंड. तुम्हाला ६ नंबर ठीक.

८ मीटरचं विचारलंत. तुमच्या मशीनला चालेल. हाय फ्रिक्वेन्सीच्या मशीनला लांब केबल गुंडाळून ठेवली की झटका वाटेतच मरतो, पण तुमच्यात झटका नाहीच. फक्त वजन वाढतं, आणि लांब नळीत सकाळी रात्रभरची हवा आणि दमट वाफ बसलेली असते. रबरातून ती थोडी थोडी झिरपते, आणि तुमच्याकडे तर कोकणातली हवा. म्हणून पहिल्या टाक्याआधी गॅस दहा-पंधरा सेकंद नुसता सोडा. मी मात्र तुमच्या जागी ४ मीटरच ठेवला असता आणि मशीनला पट्टा लावून जिन्यावर नेलं असतं. इन्व्हर्टर उचलण्यासारखं आहे, त्यासाठीच तर ते छोटं केलंय. केबलवर चेनची चामडी खोळ चढवा, पुन्हा गरम पाइपावर पडली तर खोळ जळेल, केबल वाचेल.

वाऱ्याचं सांभाळा. उघड्या जिन्यावर समुद्राकडून झुळूक आली की कपाखालचा आर्गन उडून जातो. माणसं मग गॅस वाढवतात, १५, २०. जास्त जोराने सोडलेला गॅस घुसळतो आणि स्वतःच हवा आत ओढतो. ८ ते १० लिटर ठेवा आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधा.

३०४ ला ३०८एल ची फिलर तार, ३१६ ला ३१६एल. बाहेरच्या कामाला ३१६ चा तुमचा विचार बरोबर. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेचे तांबूस डाग त्यावर उशिरा येतात. पण जोडाचा रंग तसाच सोडलात तर ३१६ सुद्धा तिथे गंजेल, पिकलिंग पेस्ट किंवा बफिंग करून तो काढा. हा विषय वेगळा आहे, त्यात शिरले तर रात्र जाईल.

---

ग्रिलवाला_गुहागर

चार दिवसांनी लिहितोय, माफ करा. मध्ये कुंभार्ली घाट चढून कोल्हापूरला जाऊन आलो. ताई, तुम्हाला भेटायला येणार होतो, पण उद्यमनगरात इतक्या गल्ल्या, आणि एसटी चुकायची भीती.

आधी परीक्षेचा निकाल. अंगठा दाबला, गोळा ८ वरून खाली आला आणि ३ वर थबकला. शून्य नाही. साबणाच्या पाण्याने टेपवर बुडबुड्यांची द्राक्षं लटकली. आणि तुम्ही म्हणालात ती हँडलच्या मागची जागा, तिथेही बारीक फेस. नवीन टॉर्चला चौथ्या दिवशी! दोन्हीकडून गॅस पळत होता आणि मी सिलिंडरवाल्याला फोन करून वाटेल ते बोललो होतो. काल त्याला फोन करून चहाला बोलावलं.

नुसती पोलॅरिटी बदलून त्याच फुटक्या केबलने एक टाका मारून बघितला. काळा पडला, पण टंगस्टन वितळला नाही. टोक जसंच्या तसं. आठवडाभर डोक्याला ताप देणारी गोष्ट फक्त दोन प्लगांची अदलाबदल निघाली हे बघून मी स्टुलावर बसलो.

१७एफव्ही घेतला, ४ मीटर, दोनपदरी केबलचा. नंबर सांगितल्यावर काउंटरवरच्या पोराने खरंच न विचारता डबी पुढे केली. ६ नंबरचा कप, १.६ चा सोनेरी टंगस्टन, खोळ. घरी येऊन ५० अँपिअरवर दोन तुकडे जोडले. पहिला जोड पेंढ्याच्या रंगाचा आला, कडेला थोडा निळसर. बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "हा सोनेरी का? बिघडला का?" दुसरा जोड काळा, कारण चावी उघडायला विसरलो. तिसरा बरा. चौथ्याला भोक पडलं, ते माझ्या हाताचं पाप, टॉर्चचं नाही.

एक विचारायचं राहिलं. जुना २६ नंबर फेकू का?

---

टॉर्चदुरुस्ती_उद्यमनगर

पेंढ्याचा रंग म्हणजे झकास. निळसरही चालतो. करडा आणि काळा नको.

२६ फेकायचा कशाला? केबल वितळलेल्या जागेच्या पुढे कापून, नवं फेरूल (धातूची कडी) दाबून पुन्हा बसवता येते, अर्धा-पाऊण मीटर कमी होईल. हँडलमागचा जोडही तेव्हाच नव्याने दाबायचा. त्याचे कोलेट, कप तुमच्या १७ ला चालतातच. पुढेमागे बटणाचं मशीन घ्याल तेव्हा तो उपयोगी पडेल. तोवर त्या दोन पिनांच्या प्लगला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवा, मिठाच्या हवेत पिना हिरव्या पडतात. आणि पुढच्या वेळी उद्यमनगरात कुणालाही 'टॉर्चवाल्या वहिनी' विचारा.

---

खाडीपार_पाइपवेल्डर

चावीच्या टॉर्चचा एकच दुर्गुण सांगायचा राहिला होता. तो बंद करायची आठवण करून देणारं कुणी नसतं. जेवायला उठताना हँडलची चावी नाही, सिलिंडरच बंद करायचा.

---

ग्रिलवाला_गुहागर

भाऊ, हे काल सांगायला हवं होतंत. आज दुपारी जेवून, जरा आडवा होऊन पाऊण तासाने खाली आलो तर गोळा ८ वर निवांत तरंगतोय. ३६० लिटर गेले. सिलिंडर ७ घनमीटरचा आहे, म्हणजे विसावा हिस्सा माझ्या वामकुक्षीत. चावीला लाल रिबन बांधली आहे.